सोबत: संकटकाळी मनाला लागणाऱ्या आधाराविषयी

ही पुस्तिका शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावकऱ्यांसाठी आहे. आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, पोलीस पाटील, सरपंच, बचतगटातल्या बायका, भजनी मंडळातली माणसे, कारखान्यातला मुकादम, यांपैकी कुणीही ती वाचावी आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावी, अशा हेतूने ती लिहिली आहे. मानसोपचाराचे शास्त्र शिकवणे हा तिचा उद्देश नाही. घरावर, पाड्यावर किंवा गावावर संकट कोसळते तेव्हा पहिल्या तासात, पहिल्या आठवड्यात आणि पहिल्या महिन्यात माणसाचे मन सावरायला काय करावे, काय करू नये आणि कुणाकडे जावे, एवढेच तिच्यात आहे. अशी पुस्तिका या मुलखाला का हवी, ते या प्रस्तावनेत सांगतो.

आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव आणि तानशेत यांच्या मधले स्टेशन. मुंबई-नाशिक महामार्ग इथूनच जातो. माहुलीचे सुळके नजरेच्या टप्प्यात आहेत. भोवती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली वस्त्यांचे पाडे, कुणबी आणि आगरी शेतकऱ्यांची गावे, मधूनमधून कारखाने आणि गोदामे. शहापूर आणि शेजारच्या तालुक्यांतल्या तानसा, मोडकसागर, भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे इथली माणसे दर उन्हाळ्यात म्हणतात.

संकट म्हटले की पूर, दरड, आग, अपघात डोळ्यांपुढे येतात. पण इथली बरीचशी संकटे दर वर्षी ठरल्या वेळी येतात, म्हणून त्यांना कुणी संकट म्हणत नाही. कापून ठेवलेल्या भातावर ऑक्टोबरात पाऊस पडतो आणि लोंब्यांना मोड येतात. दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घेऊन कातकरी कुटुंब घर सोडते ते पावसाच्या तोंडावर परतते. उचल फिटलेली नसेल तर पुढच्या हंगामाचे श्रम आधीच अडकलेले असतात. कंत्राटी कामगाराला शनिवारी सांगतात, सोमवारपासून येऊ नको. अशा प्रत्येक वेळी घरात कुणाची तरी झोप उडते, कुणी जेवण टाकते, कुणी दारूकडे वळते, कुणी मुलांवर हात उगारते. याची नोंद कुठेच होत नाही. पंचनाम्यात पिकाचे क्षेत्र येते, पडलेल्या भिंती येतात. मनाला बसलेल्या माराला त्यात रकाना नाही.

या पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे: संकटात मनाला पहिला आधार जवळच्या माणसाकडून मिळतो, आणि हा आधार कामाच्या मदतीपासून वेगळा काढता येत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरले आहे त्याच्या शेजारी बसून दोन शब्द बोलणे ही मदतच आहे. पण त्याला कोरडी जागा मिळवून देणे, हरवलेले रेशनकार्ड आणि आधार कार्ड पुन्हा काढून देणे, तलाठ्याकडे त्याच्यासोबत जाणे, हीसुद्धा मनाचीच मदत आहे. ‘धीर धर’ असे सांगून धीर येत नाही. उद्या सकाळी काय करायचे हे कळले की येतो.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळले. २० माणसे गेली. त्यांतले बहुतेक जण परराज्यांतून पोटासाठी आलेले होते. त्यांच्या घरच्यांना बातमी कळली ती शेकडो मैलांवर, फोनवर. जे वाचले त्यांच्याभोवती त्यांची भाषा बोलणारे, त्यांना नावाने हाक मारणारे फार थोडे होते. अशा घटनेचा घाव मृतांच्या घरांपुरता राहत नाही. त्याच पाळीत काम करणारा आणि योगायोगाने वाचलेला सोबती, ढिगारा उपसणारा जवान, रुग्णवाहिकेचा चालक, शवविच्छेदनगृहाच्या दारात बसलेला हवालदार, मदतीला धावलेला गावचा पोरगा, या सगळ्यांच्या झोपेवर तो परिणाम करतो. ‘मी का वाचलो’ हा प्रश्न वाचलेल्याला अनेक महिने छळतो. त्याचे उत्तर कुणाकडेच नसते. पण तो प्रश्न मोठ्याने विचारायला एखादे माणूस समोर असणे फार मोलाचे असते.

त्याच्या दोनच आठवडे आधी, १९ जुलैच्या रात्री, शेजारच्या रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकूरवाडी. तिथली माणसे, त्यांची घरे, त्यांचे सण आपल्या पाड्यांसारखेच. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. मृतदेह न सापडणे हे दुःखाचे फार अवघड रूप आहे. अग्नी देता येत नाही, दहावे-तेरावे करताना हात अडखळतो, आणि माणूस परत येईल ही आशा पूर्ण विझत नाही. अशा घरातल्या माणसाला ‘आता विसरा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. गावाने एकत्र येऊन नावे घ्यावीत, गेलेल्यांची आठवण काढावी, त्यांचा दिवस पाळावा. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण दरडीखाली गेले तेव्हा १५१ माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हजारो. या सगळ्या ठिकाणी घरे पुन्हा बांधली गेली. पण घर मिळाले म्हणजे माणूस सावरला, हा हिशेब कुठेच खरा ठरला नाही. पाऊस वाढला की झोप उडणे, भिंत हलल्याचा भास होणे, हे नव्या पक्क्या घरातही चालू राहते.

करोनाच्या काळाने तिसराच धडा दिला. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. १५ जूनपासून ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ पासून. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या पट्ट्यात लोकल म्हणजे रोजगार. भाजी, दूध, रानमेवा घेऊन जाणाऱ्या बायका, कल्याण-ठाण्याला कामाला जाणारे तरुण, सगळ्यांची वाट एकाच वेळी बंद झाली. त्याच दिवसांत महामार्गावरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन कसारा घाटाकडे चालत होती. त्यांना पाणी आणि भाकरी देणारे हातही याच गावांतले होते. स्वतः अडचणीत असताना दुसऱ्याला काही देता आले, या जाणिवेने अनेकांचे मन तेव्हा टिकले. संकटग्रस्ताला केवळ घेणारा समजू नये. त्याला करण्यासारखे काही तरी द्यावे.

संकटानंतर मनाचे काय होते, हे गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवे. पहिल्या काही दिवसांत झोप न लागणे, वाईट स्वप्ने पडणे, मोठ्या आवाजाने दचकणे, हातपाय गार पडणे, रडू न येणे किंवा आवरता न येणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे परत परत येणे, चिडचिड होणे, देवावर राग येणे, हे सगळे होते आणि हा वेडेपणा नव्हे. आपल्याकडे माणूस ‘मन दुखते’ असे क्वचितच सांगतो. तो सांगतो, डोके जड झालेय, छातीत धडधडतेय, अंगातली ताकद गेलीय, पोटात आग पडते. दवाखान्यात तो सलाइन मागतो. म्हणून आशाताईंनी आणि डॉक्टरांनी रक्तदाब मोजता मोजता घरचे काय चालले आहे, हेही विचारावे. बहुतेकांचा हा त्रास माणसांच्या सोबतीने, झोपेने, कामाला लागल्याने काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा ओसरत नाही. महिना उलटला तरी झोप-जेवण ताळ्यावर आले नाही, कामात हात चालत नाही, माणूस कुणातच मिसळत नाही, दारू वाढली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर डॉक्टरांकडे नेण्याची वेळ झाली आहे. मरणाचे बोलणे निघाले तर मात्र महिना मोजत बसू नये. त्याच दिवशी हालचाल करावी.

पहिल्या मदतीची पद्धत जगभर अनुभवातून घडत गेली आहे आणि तिच्यात चुकांची दुरुस्तीही झाली आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशी समजूत रुजली की अपघातातून वाचलेल्यांना लगेच एकत्र बसवून काय पाहिले, काय वाटले ते सगळे बोलायला लावले तर पुढचा त्रास टळतो. अनेक देशांनी ही पद्धत उचलली. पुढे ती तपासली गेली. २००२ मध्ये निघालेल्या कोक्रेन आढाव्यात दिसले की अशा एका बैठकीचा फायदा होत नाही, आणि काहींना तर तिने अधिक त्रास होऊ शकतो. यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. कुणाला बोलायला भाग पाडू नये. कॅमेरा घेऊन आलेल्यालाही पाडू देऊ नये. ‘नेमके काय झाले ते सांग’ असे दहा जणांनी दहा वेळा विचारणे ही माया नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्या तीन पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे जागा सुरक्षित आहे का, कुणाला जखम आहे, कुणाची औषधे वाहून गेली, कोणते मूल एकटे आहे, कोण सुन्न बसले आहे. ऐका म्हणजे जवळ बसा, नाव विचारा, आत्ता काय हवे ते विचारा, आणि तो बोलेल तेवढेच ऐका. तो गप्प बसला तर आपणही गप्प बसा, पण उठून जाऊ नका. जोडून द्या म्हणजे घरच्यांशी फोन लावून द्या, खरी माहिती द्या, सरकारी मदतीपर्यंत, दवाखान्यापर्यंत सोबत जा. जे माहीत नाही ते सांगू नका. खोटे वचन देऊ नका. हे करायला पदवी लागत नाही. सराव मात्र लागतो, आणि तो संकटाच्या आधी व्हायला हवा. म्हणून पुस्तिकेचा पहिला भाग ग्रामसभेत, बचतगटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत मोठ्याने वाचता येईल असा ठेवला आहे.

साध्या माणसांच्या हातून हे काम होते का, अशी शंका कुणी घेईल. याचे उत्तर जवळच मिळाले आहे. आपल्यासारख्याच डोंगराळ आणि आदिवासी असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग ४१ गावांत झाला. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो उभा केला. गावातलीच विश्वासू माणसे निवडली गेली. त्रासलेल्या माणसाला ओळखणे, त्याच्याशी चार-सहा वेळा ठरवून बोलणे, अधिक त्रास असेल तर डॉक्टरांकडे पाठवणे, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे, ही सगळी कामे त्यांना शिकवली होती. मनाची मदत आणि पोटाची मदत एकाच माणसाच्या हातून, हे त्या प्रयोगाचे मर्म. पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात गेला. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना मदत दिली. रोज एखादे छोटे, ठरवलेले काम करत माणूस पुन्हा जगण्यात परततो, यावर त्यांचा भर होता, आणि ही पद्धत उपयोगी पडते हे त्यांच्या अभ्यासाने दाखवून दिले. आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आजीबाईंना हे काम शिकवले. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून त्या आल्या-गेल्याचे ऐकतात आणि पुढची एक वाट दोघे मिळून ठरवतात. आपल्या प्रत्येक पाड्यावर अशी एखादी आजी आहेच. बाळंतीण, भांडण, मयत, सगळीकडे तिला बोलावतात. तिला थोडे शिकवायचे आणि तिच्यामागे दवाखाना उभा करायचा, एवढेच राहिले आहे.

आत्महत्येविषयी या पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे आणि ते टाळून पुढे जाऊ नये, ही विनंती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशभरात सुमारे चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. हे वाचताना आपल्या नाक्यावरची सकाळ आठवावी. ‘मरणाचे विचार येतात का?’ असे विचारल्याने त्या विचारांना खतपाणी मिळते, ही भीती चुकीची आहे. शांतपणे, लाज न वाटू देता विचारले तर माणसाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, मुलाबाळांची शपथ घालू नये. घरातली फवारणीची औषधे आणि गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवाव्यात. श्रीलंकेने १९९५ नंतर सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. टोकाची इच्छा पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तो वेळ कुणाच्या तरी सोबतीत गेला तर माणूस वाचतो, आणि वाचलेली बहुतेक माणसे पुढे जगतात.

पोलिसांची भीती हे मदत न मागण्याचे मोठे कारण आहे. म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, आणि तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३०९ व्या कलमासारखी सरसकट शिक्षा नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र गुन्हा आहे. म्हणून दवाखान्यात नेताना खरे सांगावे. खरे कळले तरच डॉक्टर योग्य उपचार करू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि तातडीच्या वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत उपचार सुरू करण्याची मुभा दिली आहे. मानसोपचारतज्ज्ञ शहरात आहे म्हणून गावातल्या डॉक्टरने हात वर करण्याचे कारण नाही.

दारूचे वेगळे सांगायला हवे. संकटानंतर दारू वाढते हे सगळ्यांना दिसते. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर काय होते, हे कमी जणांना माहीत असते. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, कुणाला झटके येतात, कुणी भ्रमात बडबडतो. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा अनेक घरांनी हे पाहिले. ‘अंगात आले’ म्हणून अशा माणसाला घरात कोंडणे जिवावर बेतू शकते. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

अंगात आले, बाहेरचे लागले, कुणी करणी केली, असे वाटले की आपल्याकडे आधी भगताकडे जातात. भगतावर टीका करून या गावांत काही साधणार नाही. तो माणसाचे ऐकतो, घरच्या माणसांना एकत्र बसवतो आणि कोणत्याही रात्री दार उघडतो. हे गुण डॉक्टरांनी आणि आपण सर्वांनी घ्यावेत. पण मारहाण, चटके, उपाशी ठेवणे, हजारो रुपयांची मागणी, हे सुरू झाले की तिथून उठावे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवले आहे. भगताशी बोलून ठेवावे: तुझे तू कर, पण झोप महिनाभर उडाली असेल, झटके येत असतील, मरणाची भाषा असेल, तर दवाखान्याची चिठ्ठीही तूच दे. त्याच्या शब्दाला मान आहे, तो शब्द कामी आणावा.

दवाखाना म्हटले की दुसरी भीती उभी राहते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याचे नाव आपल्या जिल्ह्यात टोमण्यासारखे वापरले जाते, ‘याला ठाण्याला पाठवा’. या टोमण्याने किती माणसे उपचारापासून लांब राहिली असतील त्याची गणती नाही. खरे तर तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. माणूस सकाळी जातो, तपासून घेतो, गोळ्या घेतो आणि घरी येतो. सगळ्यांना तेवढ्या लांब जावे लागतही नाही. आपल्या गावासाठीचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय ही पहिली दारे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी कुठे बसतात ते आधीच विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्यावर मराठीतून काम करते. रेल्वेमार्गावर भटकत आलेल्या, घरदार हरवलेल्या मनोरुग्णांसाठी कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या फलाटावर असा कुणी दिसला तर त्याला हुसकावू नये. त्याचे रक्षण करणे हे कायद्याने पोलिसांचे कर्तव्य आहे, त्यांना कळवावे.

आणि फोन. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. जिवावर बेतले असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१. हे आकडे मुलांकडून पाठ करून घ्यावेत. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे कुणाच्या घराशी, कोणत्या टेकाडावर रेंज येते, हेही गावाच्या यादीत लिहावे.

मुलांकडे मोठ्यांचे लक्ष उशिरा जाते. मूल रडत नाही म्हणजे त्याला काही कळले नाही, असे नसते. ते अंथरूण ओले करते, आईला सोडत नाही, खेळात तोच अपघात परत परत मांडते. त्याला खरे, सोप्या शब्दांत सांगावे. गेलेला माणूस ‘गावाला गेला’ असे सांगितले तर ते रोज वाट पाहते. शाळा लवकर सुरू करणे हा मुलांसाठीचा मोठा उपचार आहे, कारण घंटा, वर्ग, खिचडी आणि खेळ यांमुळे त्यांच्या दिवसाला पुन्हा आकार येतो. वीटभट्टीवर गेलेल्या आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांसाठी पुस्तिकेत स्वतंत्र पाने आहेत, कारण संकटाच्या वेळी त्यांचे आईबाप जवळ नसतात.

शेवटी मदत करणाऱ्यांविषयी. आशाताई दुसऱ्यांच्या दारी जाते तेव्हा तिच्याही घरात पाणी शिरलेले असते. तरुण मंडळाच्या पोरांनी प्रेते उचलली की त्यांचा सत्कार होतो. ते नीट झोपतात का, हे कुणी विचारत नाही. मदतीची पाळी लावावी. कुणीही सलग काम करू नये. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवावे आणि आज कुणाला काय जड गेले ते ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. थकलेल्याने थांबणे हा कामचुकारपणा नाही.

ही पुस्तिका वाचून कपाटात ठेवली तर तिचा उपयोग शून्य. म्हणून शेवटच्या चार पानांवर छापलेला मजकूर नाही, रिकामे रकाने आहेत. गावातली एकटी राहणारी म्हातारी माणसे, रोजच्या गोळ्यांवर असलेली माणसे, गरोदर बायका, बाहेरगावी कामाला गेलेली कुटुंबे. रात्री-अपरात्री ज्यांचे दार ठोठावता येईल अशी पाच घरे. ज्यांना ऐकून घेता येते अशी माणसे, बाया आणि पुरुष दोन्ही, प्रत्येक पाड्यातून किमान एक. दवाखान्याचा वार, रुग्णवाहिकेला लागणारा वेळ, तलाठी आणि ग्रामसेवक यांचे क्रमांक. कुणाला मनाचा आजार आहे हे मात्र त्या यादीत लिहू नये. ती गोष्ट त्या माणसाची स्वतःची आहे.

हे रकाने पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातल्या ग्रामसभेत भरावेत आणि दिवाळीनंतर, वीटभट्टीला निघण्याआधी, पुन्हा तपासावेत. एका बैठकीत ते भरून होतात. ज्या गावाने ते भरले, त्या गावातल्या माणसाला संकटाच्या रात्री कुणाकडे जावे हा विचार करत बसावे लागणार नाही. तेवढे झाले तर ही पुस्तिका लिहिल्याचे सार्थक होईल. पुढचे पान उलटण्याआधी पेन हातात घ्यावे.

आटगाव, ता. शहापूर, जि. ठाणे